बापू माहूरकरांच्या घड्याळावरचा सूर्य

बापू माहूरकरांविषयी लिहावं असं त्यांनी फार मोठं काही केलं नाही. मलाही लिहिण्याची सवय नाही. उज्जैनच्या जकात कचेरीत आमची टेबलं शेजारी होती, एवढाच माझा अधिकार. संस्थान मोडून मध्यभारत झाला, तेव्हापासून राजधानी फिरती, म्हणून आमचे कागद हिवाळ्यात ग्वाल्हेरला जात आणि उन्हाळ्यात इंदूरला. छप्पन साली मध्यभारतही मोडणार असं ठरलं आणि भोपाळचं नाव निघालं. बापू मला हळूच म्हणाले, "वसंतराव, म्हणजे आता आपण कोणाचे?" मी विचारून सांगतो म्हणालो. कोणाला विचारायचं हे मात्र मला माहीत नव्हतं.

त्याच वर्षी त्यांची मुलगी चारुलता रतलामला दिली होती. जावई प्रकाशराव रेल्वेत होते. लग्नाच्या बैठकीत बापूंनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की दिवाळसणाला जावयाला दरबारी घड्याळ देईन. बापूंच्या वडिलांना ते ग्वाल्हेरच्या दरबारातून मिळालं, असं घरात सगळे सांगत. झाकणाचं, चांदीचं खिशातलं घड्याळ. पांढऱ्या तबकडीवर बाराच्या आकड्याखाली लाल सूर्य, त्याला बारीक किरण. ती दरबारची खूण. वडील बापूंच्या लहानपणीच गेले, त्यामुळे याहून जास्त कोणाला माहीत नव्हतं. पण कचेरीत कोणी जुनं काही काढलं की बापू तो सूर्य दाखवत.

खंडेनवमीला त्यांच्याकडे तलवार नव्हती, म्हणून पाटावर दौत, टाक आणि हे घड्याळ मांडत. आतली काच कधीच फुटलेली. बापूंच्या पत्नी, आमच्या काकू, झाकण उघडून सरळ तबकडीवर हळदीकुंकू वाहत. वर्षानुवर्षं असं होऊन तबकडी पिवळी पडली होती. जावयाला असं घड्याळ कसं द्यायचं, म्हणून बापूंनी एका रविवारी कापडाचा बोळा धुण्याच्या सोड्यात बुडवून ती पुसली.

ती लालभडक झाली.

बापू घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्याकडे आले. मागे काकू. "अहो, हे काय होऊन राहिलं? पोरीच्या पहिल्या दिवाळीला?" असं त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या. सूर्य त्या लालीत दिसेनासा झाला होता. कोप झाला की काय, असं बापूंना वाटत होतं; पण कोणाचा, ते ठरत नव्हतं.

आम्ही गोपाळ मंदिराजवळच्या घड्याळजी सैफुद्दीनभाईंकडे गेलो. त्यांनी काटे काढले, तबकडी सुटी केली आणि तिच्यावर लिंबाचा थेंब टाकला. लाल पुन्हा पिवळं झालं. बापू घाबरून मागे सरले.

"हल्दी है बापूसाब," सैफुद्दीनभाई म्हणाले. "सोडे से लाल होती है, नींबू से पीली. इसमें भूत-वूत कुछ नहीं."

मग ते स्पिरिटने हलके हलके पुसू लागले. पिवळं निघालं, आकडे काळे कुळकुळीत दिसू लागले. बापूंचा चेहरा खुलला. ते मला इंग्रजांच्या वेळच्या कसल्या तरी समारंभाबद्दल सांगू लागले आणि मधेच थांबले. पिवळ्याबरोबर सूर्यही निघून गेला होता. त्या जागी तबकडीच्या पांढऱ्या मुलाम्याचा एक टवका उडालेला होता आणि त्याच्याभोवती केसाएवढे तडे गेलेले होते, बाहेरच्या बाजूला पसरलेले.

बापूंनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, तो कुंकवाचाच होता का? तड्यांत भरलेला?

"हो सकता है. ऊपर से किसी ने रंग से बनाया हो, तो भी स्पिरिट से जाता. अब कौन बताए."

रात्री काकूंनी एक मार्ग सुचवला: फ्रीगंजात बोर्ड रंगवणारा एक आहे, तो लाल सूर्य पुन्हा रंगवून देईल. बापूंनी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी मला येऊन विचारलं, नको म्हटलं ते बरोबर केलं ना? संध्याकाळी पुन्हा विचारलं.

नवं राज्य आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली. पाडव्याला बापूंकडे माझ्यासमोरच चारुलतेने नवऱ्याला ओवाळलं. बापूंनी घड्याळ पुढे केलं. प्रकाशरावांनी झाकण उघडलं, घड्याळ उजेडाकडे धरलं आणि फिरवून पाहिलं.

"सूर्य कुठे आहे?"

"होता," बापू म्हणाले. "साफ करताना गेला. तो दरबारचा होता की आमच्या पूजेचा, ते मला आता सांगता येत नाही. मी बैठकीत जे बोललो ते खरं असेलही. नसेलही. तुम्ही नाही म्हणालात तरी माझी काही हरकत नाही."

प्रकाशराव गोंधळले. "पण माझ्या वडिलांनी सगळ्या रतलामला सांगून ठेवलंय. मी आता घरी काय सांगू?"

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं.

"सासऱ्यांनी दिलं, असं सांगा," बापू म्हणाले. "तेवढं नक्की आहे."

मग चारुलता तबक सावरत नवऱ्याला म्हणाली, "घ्या ना आता. बाबांचा हात दुखेल."

प्रकाशरावांनी घड्याळ कानाशी नेलं, थोडं ऐकलं आणि खिशात ठेवलं. पाया पडायला ते वाकले, तेव्हा आशीर्वाद द्यायचं बापूंना सुचलंच नाही. काकूंनी कोपराने ढोसलं तेव्हा त्यांनी हात ठेवला.