बटण आधी तुम्ही दाबा, साहेब

कचेरीत तिला सगळे नाहीताई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक खिडकी उघडत नाही आणि दुसरी लागत नाही. साहेबांनी काही सांगितलं की बाकीचे "होऊन जाईल सर" म्हणत आणि मग डोकं धरून बसत. ही आधी "नाही" म्हणे, मग का नाही ते सांगे, आणि बऱ्याचदा शेवटी काम तीच करून देई. तरी नाव पडलं ते पडलंच.

कंपनीकडे एका महिला मदत केंद्राचं काम होतं. घरात मारहाण सोसणाऱ्या बायका त्या साइटवर नाव नोंदवत, वकिलाची वेळ घेत, समुपदेशकाला मनातलं लिहीत. साइट नाहीताईनेच बांधलेली. अडचण एकच, पण रोजची: बायका पासवर्ड विसरत. केंद्रातला फोन सारखा त्यासाठीच खणखणायचा.

साहेबांनी तोड काढली. "ते सगळीकडे असतं ना, मोठ्या कंपनीच्या मेल-खात्याने आत यायचं बटण, ते लावून टाका. तयार मिळतं, नुसतं बसवायचं. आणि जुना फॉर्म काढा. दोन-दोन दारं कशाला?"

गंमत म्हणजे या वेळी तिच्या तोंडून "नाही" निघालं नाही. कल्पना वाईट नव्हती. तिने त्या मोठ्या कंपनीकडे साइटची नोंद केली, बटण बसवलं, आणि रविवारी दुपारी घरी, आई शेजारी मटार सोलत बसलेली असताना, स्वतःच्याच खात्याने आत शिरून पाहिलं. झकास. एक टिचकी, की आत.

थोड्याच वेळात वरच्या मजल्यावर राहणारा दादा जिना उतरून आला. हातात त्याचा फोन, कपाळाला आठ्या.

"हा मेल कसला गं? महिला मदत केंद्राला तुझ्या खात्यातून परवानगी दिलीस म्हणे. कोण त्रास देतंय तुला?"

कॉलेजात असताना तिचा पहिला फोन दादानेच आणला होता. खातंही त्यानेच उघडून दिलं, आणि तेव्हापासून तिचे मेल त्याच्याही फोनवर येत होते. कुणी काही लपवलं नव्हतं. तिनेच कधी विचार केला नव्हता.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं, कामावर कुणी काही बोललं का?"

"काही नाही झालं, आई. बटण तपासत होते."

"मग बरंच की, मला लगेच कळलं," दादा म्हणाला. "घरच्यांचं लक्ष असावं."

"दादा, माझं खातं तुझ्या फोनवरून काढ. आत्ता."

"मी काय परका आहे?"

"परका असतास तर विचारलंच नसतं, पोलिसात गेले असते. काढ."

दादाने तोंड फुगवून खातं काढलं, आणि रात्री तो जेवायला खाली आला नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, पण त्याहून मोठा विचार डोकं खात होता. दादा भला माणूस. त्याने नुसतं विचारलं. जिथे माणूस भला नाही, तिथे बाई स्वयंपाकघरात बटण दाबणार आणि बाहेर नवऱ्याच्या खिशात फोन वाजणार.

सोमवारी तिने साहेबांना सगळं सांगितलं.

"तुम्ही फार लांबचं बघता," साहेब म्हणाले. "तो मेल बंद करून टाका."

"तो ती मोठी कंपनी पाठवते, आपल्या हातात नाही. बटण आपलं, घंटी त्यांची."

"मी केंद्राला शब्द दिलाय. बुधवारी दाखवायचंय. तुम्ही सोबत या, पण तोंड उघडायचं नाही."

"सोबत येईन. तोंडाचं सांगता येत नाही."

मधल्या वेळात तिने जुना फॉर्म काढला नाहीच, उलट सुधारायला घेतला. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हा जाच काढून टाकला. बाईने आपल्या भाषेतलं, आपल्याला आठवेल असं एक अख्खं वाक्य ठेवावं. विसरलीच, तर तिला ओळखणारी समुपदेशक खात्री करून दार उघडून देईल.

केंद्राची खोली लहान होती. कोपऱ्यात मुलांची खेळणी, भिंतीवर पडदा. केंद्र चालवणाऱ्या बाई, आखूड केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या, अगदी पुढे बसल्या. साहेबांनी बटण दाखवलं.

"म्हणजे फोन वाजायचा थांबेल?" बाईंनी विचारलं.

"शंभर टक्के!"

नाहीताई उठली. "साहेब, एकदा तुमच्या खात्याने दाबून दाखवा ना."

साहेबांचा हात माउसपर्यंत गेला आणि थबकला. त्यांचं खातं घरच्या टॅबवरही उघडं असे. बायको, मुलं, सासूबाई, सगळे तोच टॅब वापरत. "माझं कशाला? चाचणीचं खातं आहे की."

"चाचणीच्या खात्याला घर नसतं, साहेब. बटण आधी तुम्ही दाबा."

"दाबलं तर काय होतं?" बाईंनी विचारलं.

"तसं काही नाही. एक मेल जातो..."

"कुठे?"

साहेब पडद्यावरचं पान बदलू लागले. मग नाहीताईने रविवारची हकिगत सांगितली, दादासकट. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बटण आमच्या कर्मचाऱ्यांपुरतं ठेवा. बायकांसाठी जुनंच दार. फोन आम्ही उचलू."

जिन्यात साहेबांचा पारा चढला. "माझी शोभा केलीत! उद्यापासून हे काम तुमच्याकडे नाही."

"चालेल. पण हातातलं फॉर्मचं पान पुरं करून देईन, मगच."

"ते मी ठरवणार."

"नाही," ती म्हणाली आणि पुढे उतरून गेली.

पान तिने पुरं केलं, भर कचेरीत, सगळ्यांदेखत. साहेब मागून येत-जात राहिले, पण त्यांनी अडवलं नाही. केंद्रातले फोन थांबले नाहीत. बायका वाक्यंही विसरत, पण पूर्वीपेक्षा कमी. तिला मात्र एका फरशीवाल्याच्या साइटवर बसवलं. हजारो फरश्यांचे फोटो चढवायचे, प्रत्येकीला नाव द्यायचं. ज्या बढतीची सगळे खात्री देत होते ती तिच्या हाताखालच्या मुलाला मिळाली. त्या दिवशी ती घरी जाऊन आईशी उगाच भांडली.

पुढे केव्हातरी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केंद्राच्या बाई तिलाच मागत होत्या. "झालं गेलं सोडा. त्या दिवशी चुकलं एवढं म्हणा, काम परत तुमचं."

काम तिला हवं होतं. फरश्या स्वप्नातही येऊ लागल्या होत्या.

"काम घेईन," ती म्हणाली. "चुकलं म्हणणार नाही. बघा जमतंय का."

आणि दार उघडं टाकून ती फरश्यांकडे परत गेली.