बाबा ऐकत नाहीत

परवा रविवारी गावी गेले होते... सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव आहे. अंगणात चपला काढत होते, तेवढ्यात नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, वळणावरून बाबांच्या मोटारसायकलची खडखड ऐकू आली. गाडी दिसायची होती, आवाज आधी पोचला.

मी चंद्रपूरला पोरांना मोटर मेकॅनिकचं काम शिकवते, त्यामुळे असा आवाज आला की मला चहासुद्धा गोड लागत नाही. हा टायमिंग चेनचा आवाज होता. ही चेन इंजिनच्या आत असते आणि एक टेन्शनर तिला ताणून धरतो. तो अडकला की चेन सैल पडते, वाजते... आणि तसंच रेटलं तर एक दिवस सटकते. मग गाडी जिथे असेल तिथे बंद.

आमच्याकडे 'जिथे असेल तिथे' बंद पडून चालत नाही. शेताच्या वाटेवर वाघ आहे.

बाबांनी जन्मभर विजेच्या खांबांवर चढून काम केलं. रिटायर झाले, तरी गाव त्यांना वायरमन भाऊच म्हणतं. ही गाडीही त्याच दिवसांतली. मी म्हटलं, बाबा, चेन वाजतेय. ते म्हणाले, कसला आवाज, गाडी एकदम ओके आहे, तुला सगळ्यांच्या गाडीत खोट काढायची सवयच लागलीय. आणि हातपाय धुवायला निघून गेले.

चहा देताना आईने नेहमीचं रडगाणं सुरू केलं... तुझे बाबा कोणाचं ऐकत नाहीत. बुद्धविहारात वंदना तेच सांगायचे, ते सोडलं, आता मागे कोपऱ्यात बसतात. चार माणसांत बोलत नाहीत. आणि मागच्या आठवड्यात तर कहरच केला. नहरावर गुराखी पोरं ओरडून सांगत होती की पुढे वाघ बसलाय, तर यांनी हात हलवला आणि गाडी तशीच पुढे काढली. नशीब की तेवढ्यात वाघच उठून गेला.

"तूच समजाव त्याईले," आई म्हणाली. "नाई तं गाडीची किल्ली घेऊन जाय."

वाघाचं ऐकून मलाही किल्ली घ्यावीशी वाटली. पण किल्ली घेणं म्हणजे काय, हेही कळत होतं... शेत, बाजार, दोस्तमंडळी, सगळं त्या गाडीवर. ती गेली की बाबा खाटेवर बसून राहणार. म्हटलं, आधी आवाज तरी पटवून देऊ. किल्लीचं नंतर बोलू.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचं आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची. नेमकं कुठे वाजतंय ते कानातून न येता हाडातून थेट डोक्यात ऐकू येतं. मी ऐकलं आणि मग बाबांना म्हटलं, आता तुम्ही ऐका.

कुरकुरत वाकले. मूठ कानामागे टेकवली... आणि त्यांचा चेहराच बदलला.

त्यांनी मूठ काढली. परत लावली. परत काढली. मी काही बोलणार, तर हात करून मला थांबवलं. आयुष्यभर लाइनवर फॉल्ट शोधलेला माणूस... तपासणी पूर्ण झाल्याशिवाय बोलायचा नाही.

मग सरळ उभे राहिले आणि स्वतःच्या कानावर बोट ठेवलं.

"फॉल्ट इथी हाये," म्हणाले.

मी गाडी बंद केली. मग बाबाच बोलले, अगदी साध्या आवाजात.

"मले वाटे, मी रिटायर झालो म्हणून तुमी सारे हळू बोलून राह्यले."

मला रडू आलं. लपवलं नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून गाडी उघडली. मी आधी पिस्टन वर आणून ठेवला, म्हणजे चेन दातावरून घसरत नाही. सिलिंडरमागचे दोन बोल्ट काढले. टेन्शनर जुन्या तेलाच्या चिकट्यात पार जाम झाला होता. बाबांनी तो रॉकेलमध्ये धुतला, बोटाने दाबून बघितला, परत धुतला. आतला दांडा सुटून टक्कन पुढे आला, तेव्हा स्वतःशीच हसले.

बसवून गाडी सुरू केली. शांत. बाबांनी स्क्रूड्रायव्हर लावून खात्री केली... मग आईकडे वळून विचारलं, नहरावर ती पोरं त्या दिवशी काय ओरडत होती? आईने जवळ येऊन मोठ्याने सांगितलं. बाबा ओट्यावर बसले. त्यांना वाटलं होतं, पोरं नमस्कार करताहेत. म्हणून हात हलवला होता.

किल्ली मला मागावी लागली नाही. त्यांनी स्वतःच ती खिळ्याला टांगली. कान दाखवून येतो, मग चालवतो, म्हणाले. येत्या आठवड्यात चंद्रपूरला माझ्याकडे येताहेत.

येताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. आम्ही घरातले, शेजारचे, सगळे म्हणायचो, बाबा ऐकत नाहीत. शब्द बरोबरच होता. पण आम्ही त्याचा अर्थ हट्ट असा लावला आणि रागावत राहिलो... त्या खडखडणाऱ्या टेन्शनरचे किती आभार मानू?

निघताना बाबा फाट्यापर्यंत सोडायला आले होते, पायी. बस आली. मी पायरीवरून नेहमीसारखं पुटपुटले, जपून राहा. एरवी ते नुसती मान हलवायचे. या वेळी दोन पावलं पुढे आले.

"काय म्हनली? परत सांग."

मी खाली उतरले, आणि परत सांगितलं.