सगळं त्यातच आलं

वीणाताई साठ्ये यांच्या तोंडी लागायला ब्रिस्टलच्या मराठी मंडळात कुणी धजत नसे. गणपतीला केटररचे मोदक आणले म्हणून त्यांनी एकदा अख्ख्या कमिटीला उभं-आडवं घेतलं होतं. बाई डॉक्टर. एकोणऐंशी साली पुण्याहून आल्या, तेव्हा कुणालाच नको असलेला म्हाताऱ्यांचा वॉर्ड त्यांच्या गळ्यात पडला आणि तीस वर्षं त्यांनी तो निभावला. कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डाच्या वरच्या साहेब, काही झाल्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "मला गोल्फ येत नाही ना."

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा अंबरीश मेडनहेडला राहायचा आणि ब्रॅकनेलच्या एका कंपनीत कसल्याशा 'ट्रान्स्फॉर्मेशन'चा हेड होता. तो नेमकं काय करतो, हे त्यानं आईला तीनदा समजावलं होतं. तिन्ही वेळा आईनं "म्हणजे मीटिंगा" असं म्हणून विषय मिटवला होता.

एका रविवारी जेवता जेवता अंबरीशनं जाहीर केलं, "आई, ईस्टरला आपण जमैकाला जातोय. ऑल इन्क्लूसिव्ह. खाणं, पिणं, बीच, सगळं त्यातच आलं. तू बोटसुद्धा हलवायचं नाहीस."

"बोट न हलवायला मी दहा तास विमानात बसू?" वीणाताई म्हणाल्या. "ते मला ब्रिस्टलमध्येही जमतं."

सुनेनं, शिल्पानं, हळूच म्हटलं, "आई, तुम्हाला छान विश्रांती मिळेल."

"जमैका म्हणालास?" वीणाताईंनी वाढलेला भात बाजूला सारला. "येते मी."

आई एका वाक्यात तयार झाली, याचा अंबरीशला केवढा अभिमान वाटला! लहानपणी वेल्समध्ये भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये, दशम्या-चटणी खात, खिडकीतून पाऊस बघत काढलेल्या सुट्ट्या त्याच्या मनातून गेल्या नव्हत्या. त्यांची भरपाई होतेय असं त्याला वाटलं. आईच्या मनात काय आहे, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. त्याला असलं काही सुचत नसे.

वीणाताईंच्या मनात होत्या सिस्टर मर्ल.

वीणाताई नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. राउंडच्या वेळी एका कन्सल्टंटनं त्यांचं अक्षर वाचता येत नाही म्हणून पेशंटची फाईल जमिनीवर भिरकावली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "उचला." वीणाताई वाकल्या. तेवढ्यात वॉर्डच्या सिस्टरनं, उंच, काळ्याभोर, इस्त्रीच्या टोपीतल्या मर्लनं, आपला पांढरा बूट त्या फाईलवर ठेवला. "डॉक्टरांना पेशंट बघायचाय," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या वॉर्डात ज्याच्या हातून पडतं तोच उचलतो." शेवटी साहेब वाकले. त्या दिवसापासून वीणाताईंनी तिथे कुणासमोर मान खाली घातली नाही.

निवृत्त झाल्यावर मर्ल आपल्या बेटावर, जमैकाला, परत गेल्या. दर नाताळाला त्यांचं कार्ड यायचं. गेली दोन वर्षं आलं नव्हतं.

रिसॉर्टच्या दारातच एका हसऱ्या मुलीनं वीणाताईंच्या मनगटावर नारिंगी पट्टा चढवून कट्कन बंद केला. "असले पट्टे वॉर्डात मी हजारोंना बांधलेत," त्या शिल्पाला म्हणाल्या. "त्यांना निदान घरी जायची घाई असायची."

पुढचे तीन दिवस त्यांनी जे पाहिलं त्यानं त्यांच्या जिभेची धार वाढतच गेली. पहाटे सहाला माणसं टॉवेल घेऊन पळत सुटत, समुद्राजवळच्या खुर्च्या अडवत आणि पुन्हा जाऊन झोपत. त्यात अंबरीशही होता. ऑफिसला वेळेवर न उठणारा मुलगा टॉवेल टाकायला गजर लावून उठत होता. बुफेत लोक ताटात डोंगर रचत, चार घास चिवडत आणि दुसरं ताट आणायला उठत. मंगळवारी 'इंडियन नाइट' झाली. पिवळ्याजर्द पाण्यात बटाटे पोहत होते. अंबरीशनं त्याचाही फोटो काढला.

कळस म्हणजे त्याला तिथे ब्रॅकनेलचा एक माणूस भेटला. त्याच्याच ऑफिसच्या शेजारच्या इमारतीतला! मग काय, दोघं कमरेएवढ्या निळ्या पाण्यात उभे राहून, हातात रंगीत पेले धरून, ऑफिसच्या कार पार्कची नवी सिस्टीम कशी भिकार आहे यावर तास तास बोलू लागले.

"अर्धी पृथ्वी ओलांडून आलास," वीणाताई म्हणाल्या, "आणि पोचलास कुठे, तर ब्रॅकनेलच्या कार पार्कात."

"आई, प्लीज. एन्जॉय कर ना."

"करते. उद्या मी बाहेर जातेय. सिस्टर मर्लकडे."

"कोण मर्ल?"

वीणाताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. तीन वर्षांचा असताना त्याला गोवर आला होता. नवरा परगावी, पाळणाघर घेईना आणि वीणाताईंची ड्यूटी. तेव्हा चार दिवस मर्लनं सुट्टी टाकून त्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर सांभाळलं होतं. औषध देताना तो तिच्या हाताला कडकडून चावला होता.

"बाहेर सेफ नसतं, आई," अंबरीश म्हणाला. "आणि जायचं कशाला? सगळं इथे आहे ना."

"सगळं आहे," त्या म्हणाल्या. "माणूस तेवढा नाही."

सकाळी त्या निघाल्या तेव्हा पंधरा वर्षांची नात उर्वी चपला घालून दारात उभी होती. "आजी, मी पण येतो. इथे सगळे लोक सेम आहे. माय ब्रेन इज डाइंग."

फाटकावरच्या गार्डनं त्यांच्यापुढे कागद ठेवला: बाहेर काही झालं तर रिसॉर्ट जबाबदार नाही. वीणाताईंनी नावाआधी ठसठशीत 'डॉक्टर' लिहून सही ठोकली.

टॅक्सीनं पाऊण तास लागला. कार्डावरच्या पत्त्यावर फिकट गुलाबी रंगाचं बैठं घर होतं आणि व्हरांड्यात खुर्चीवर सिस्टर मर्ल बसल्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, ओठांचा एक कोपरा किंचित उतरलेला. नाताळची कार्डं का थांबली ते वीणाताईंना फाटकातूनच कळलं. तीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं.

मर्लनं डोळे बारीक केले. "डॉक्टर साठ्ये," त्या म्हणाल्या. "उशीर केलास."

वीणाताईंनी मर्लचा तो उजवा हात दोन्ही हातांत धरला. उर्वीनं आजीला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग चहा झाला आणि वीणाताईंची गाडी रुळावर आली. त्यांनी रिसॉर्टची पिसं काढली: टॉवेल, डोंगर, पिवळं पाणी. "आणि मी तर माझी गादी रोज स्वतः नीट करते," त्यांनी ठसक्यात शेवट केला. "नोकरांकडून नाही करून घेत."

मर्ल हसत सुटल्या. "माझी भाची अकरा वर्षं तसल्या खोल्या साफ करायची. सगळ्यात जास्त शिव्या ती तुझ्यासारख्यांना द्यायची. तुम्ही घातलेली चादर तिला उपसून पुन्हा घालावी लागायची. त्यापेक्षा दोन गोड शब्द बोलावेत."

वीणाताईंचा चेहरा पडला. आपली खोली साफ करणाऱ्या मुलीला चार दिवसांत त्यांनी नावसुद्धा विचारलं नव्हतं.

"तुमच्या रिसॉर्टपुढचा तो समुद्र कसा आहे गं आता?" मर्लनं विचारलं. "आम्ही पोरं तिथेच पोहायला शिकलो. रिसॉर्ट झाल्यापासून मी पाय नाही भिजवला."

"चला," वीणाताई उठल्या. "आत्ता."

भाची घरातच होती, तिनं मदत केली, टॅक्सीवाल्यानं व्हरांड्यातली खुर्चीही गाडीत घेतली. पण रिसॉर्टच्या फाटकावर गार्डनं हात आडवा केला. पट्टा नाही तर प्रवेश नाही. पास काढायचा तर आदल्या दिवशी सांगायला हवं. वीणाताईंनी अंबरीशला बोलावून घेतलं. तो आला तो एकटा नाही, ब्रॅकनेलवाल्याला घेऊन.

"आई, रूल्स आहेत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सीन नको करूस. उद्या बघू."

"त्या शहाऐंशीच्या आहेत. उद्या काय बघतोस?" वीणाताईंनी गार्डकडे कात्री मागितली, मनगटावरचा पट्टा कापला आणि मुलाच्या हातात ठेवला. "हे घे. तुझी आई आता त्यात आली नाही."

रिसॉर्टची हद्द जिथे संपायची तिथे वाळूत एक दोर ताणलेला होता. त्याच्या पलीकडे गावातली मुलं डुंबत होती. पाणी तेच, वाळूही तीच. वीणाताईंनी आणि उर्वीनं मर्लची खुर्ची घोट्याएवढ्या पाण्यात ठेवली. मर्लनं डोळे मिटले आणि अधू पाय लाटेत सोडला.

अर्ध्या तासानं अंबरीश दोराशी आला. "आई, सातला इटालियनचं बुकिंग आहे."

मर्लनं मान वळवून त्याला नीट न्याहाळलं. "हाच ना तो, गोवरवाला? चावरा?" आणि मग, वॉर्डात ज्या आवाजात बोलायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "तिकडे उभा राहून काय करतोस? भरती येतेय. मला उचल."

अंबरीश दोराखालून आला. तसाच, खिशातल्या फोनसकट, पाण्यात शिरला आणि म्हातारीला दोन्ही हातांवर उचलून कोरड्या वाळूत घेऊन आला. त्याला धाप लागली होती. मर्लनं डाव्या हातानं त्याचा गाल थोपटला. "वजन वाढलंय तुझं," त्या म्हणाल्या. "कमी खा."

याचा त्याच्यावर कायमचा परिणाम झाला, असं कुणाला वाटेल. छे! सातला तो इटालियन खायला गेला. मेडनहेडला परतल्यावर त्यानं चाळीस फोटो टाकले, त्यात मर्ल एकाही फोटोत नव्हत्या. पुढच्या ईस्टरचं बुकिंगही त्यानं तिथेच केलं, ब्रॅकनेलच्या कुटुंबाबरोबर.

वीणाताईही त्याच विमानानं गेल्या. पण विमानतळावरून रिसॉर्टची बस निघाली तेव्हा त्या बाहेरच्या टॅक्सीत बसल्या होत्या. मर्लच्या मागच्या खोलीत त्या तीन आठवडे राहिल्या. त्यांनी मर्लच्या हाताचे व्यायाम करून घेतले, भाचीकडून मासे शिजवायला शिकल्या आणि तिन्ही त्रिकाळ जगाला नावं ठेवली. मर्ल त्यात सूर मिसळत. त्या पहिल्या दिवशी विमानतळावर, शेजारच्या टॅक्सीत कोण बसलंय हे बघायला अंबरीशनं बसमधून मान वळवली होती, तर वीणाताईंच्या शेजारी उर्वी होती.