गिरिजाबाईची परत आलेली सुट्टी

गिरिजाबाईला आयुष्यात सुट्टी अशी एकाच प्रकारची मिळाली. महिन्यातून चार दिवस. कावळा शिवला, की गोधडी उचलून अंगणाच्या कोपऱ्यात बसायचं. चूल नाही, पाणी भरणं नाही, देवपूजा नाही. शेतात तेवढं जावं लागे, पण तिथं बसायला बांध होता. हसनाबादच्या त्या शेतकरी घरात ती चौदाव्या वर्षी नांदायला आली आणि पुढची पस्तीस वर्षं तिनं ही सुट्टी इमानेइतबारे घेतली. एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी गेली. बाया म्हणाल्या, सुटलीस बाई. गिरिजाबाईला वाटलं, आपण अडकलो. आता तीसही दिवस चूल.

त्यामुळे १९७६ च्या उन्हाळ्यात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, लुगड्याला लाल डाग दिसला तेव्हा ती घाबरली वगैरे नाही. तिनं गोधडी उचलली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

"आत्याबाई, ह्या वयात?" सून सगुणाबाई दारातून म्हणाली.

"मला काय इचारून आलं का ते?"

शेजारच्या चतुराबाईनं जाहीरच केलं, की गिरिजाला पुन्हा जवानी फुटली. चतुराबाई दोन वर्षांनी लहान, पण तोंडानं कुणापेक्षाही मोठी. पारावर लोकांनी गिरिजाबाईच्या नवऱ्याला, म्हणजे कारभारीला, इतकं छळलं की तो त्रेसष्ट वर्षांचा माणूस लाजून आठवडाभर पाराकडं फिरकला नाही. शिवायचं नाही, भाकरी वरून टाकायची, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, हे सगळं गावाला तोंडपाठ होतं. पाळी जाऊन आठ वर्षं झाल्यावर ती परत येत नसते, हे मात्र एकालाही सुचलं नाही. नियम नीट पाळला जातोय म्हटल्यावर पुढं विचार करायची गरजच काय?

पहिल्या वेळी चार दिवस झाले. पुढं सहा. मग मध्येच कधीही. कंबर दुखायची, अंगाला घाण वास यायचा. गिरिजाबाई बसून राहायची, नातवांना लांबून गोष्टी सांगायची, वाती वळायची. आयती भाकरी मिळत होती. तिची तक्रार नव्हती.

त्या साली नसबंदीचा मोसम जोरात होता. नर्सबाई बेबीनंदा गल्लीत शिरली की बाया मागच्या दारानं पसार व्हायच्या आणि बाप्ये थेट शेतात. दिवसभर फिरून बेबीनंदाला कुत्र्यांशिवाय कुणी भेटायचं नाही. एकदा ती कारभारीच्या अंगणात आली, तर सगळं घर आत आणि कडी लावलेली. पळू शकली नाही एकटी गिरिजाबाई. घरात जायची तिला बंदी होती.

"माझं आप्रेशन करून तुला काय भेटणार हाय, बाई?"

"काईच न्हाई, मावशी. पाणी भेटलं तरी पुरं."

बेबीनंदा बौद्ध घरातली. या अंगणात तिलाही त्याच कोपऱ्यात बसवायचे आणि कान तुटलेल्या कपात चहा द्यायचे. गिरिजाबाई तिथं चार दिवस बसायची आणि बेबीनंदा बारा महिने, एवढाच काय तो फरक. आज दोघी एकदमच तिथं होत्या.

"कितवा दिवस?" बेबीनंदानं विचारलं.

"चौथा."

"अकरावा!" बंद दाराआडून सगुणाबाई ओरडली. तिला अकरा दिवस एकटीला भाकऱ्या थापाव्या लागल्या होत्या.

बेबीनंदानं कुंपणावर वाळणाऱ्या चिंध्यांकडं पाहिलं. मग पुढं सरकून तिनं गिरिजाबाईचं मनगट धरलं.

"अगं, शिवू नको! मी बाहेरची हाय."

"ही पाळी न्हाई, मावशी. बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर एक थेंब का असंना, तपासावंच लागतं. दुखत नसलं तरी. उद्या जालन्याला चला माझ्यासंगं."

"पाच दिवसांनी बघू."

"बिलकुल न्हाई. उद्या."

गिरिजाबाईला राग आला. चांगली चाललेली सुट्टी ही पोरगी मोडायला निघाली होती. पण अकरा दिवसांत तिला कुणी हात लावला नव्हता, आणि हा हात काही सुटत नव्हता. शेवटी ती हो म्हणाली.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी जखमेसारखं काहीतरी होतं, हात लावला की रक्त यायचं. तिथला बारीकसा तुकडा काढून त्यांनी तपासायला पाठवला. नुसतं बघून रोगाला नाव द्यायचं नाही, तुकडा काय सांगतो ते ऐकायचं, असं त्या म्हणाल्या. तुकड्यानं सांगायला दहा दिवस घेतले. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. कारभारीनं तो कागद सरळ धरला, उलटा धरला आणि खिशात ठेवला. मग दवाखान्याच्या पायरीवर बसून तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिला. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, पण त्याला रडताना गिरिजाबाईनं पहिल्यांदाच पाहिलं. तिला स्वतःपेक्षा त्याचीच भीती वाटली.

दोघं मनमाडला गाडी बदलून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पोचले. तिथं बायकांची एक अख्खी खोली कॅन्सरची होती. गिरिजाबाईची समजूत होती की रोग एकच, नाव इंग्रजी. तसं नव्हतं. डाव्या खाटेवरची बाई शहागडची, तिला गालात. तीस वर्षं तिथंच मिश्री धरायची. गिरिजाबाईनं आपली मिश्रीची डबी त्याच दुपारी खिडकीतून फेकली. उजवीकडं एक मास्तरीण. तिला छातीत न दुखणारी गाठ आली होती, ती कापून काढली. समोरच्या बाईला रक्ताचा; तिला गाठ नव्हती की जखम नव्हती, नुसत्या सुया आणि बाटल्या. कुणाला कापायचं, कुणाला शेक द्यायचा, कुणाला औषध. प्रत्येकीचा वेगळा, आणि प्रत्येकीला आपलाच सगळ्यांत वाईट वाटायचा.

"तुमचा दुसऱ्या पायरीवर आहे," डॉक्टर म्हणाले. "चौथ्या पायरीवर आला असता तर आमच्या हातात फार काही उरलं नसतं. वेळेत आलात."

"मी कुठं आले," गिरिजाबाई म्हणाली. "नर्सबाईनं वढून आणलं."

पाच आठवडे मशिनीखाली निजवून पोटाला किरणांचा शेक दिला. तो लागत नव्हता, दिसत नव्हता, पण कातडी काळी पडली आणि अन्न नकोसं झालं. मग शेवटचा इलाज. रेडियमच्या नळ्या गर्भपिशवीच्या आत ठेवून तीन दिवस वेगळ्या खोलीत पडून राहायचं. हलायचं नाही. नळ्यांचे किरण दुसऱ्याला बाधतात, म्हणून जवळ कुणी यायचं नाही, नवऱ्यानंही दारातूनच बोलायचं. हे सांगताना तिथल्या सिस्टरचा आवाज मऊ झाला. बाया इथं रडतात, हे तिला माहीत होतं.

"तीनच दिवस?" गिरिजाबाई म्हणाली. "आमच्यात चार असतेत."

पहिला दिवस तिनं सवयीनं काढला. दुसऱ्या दिवशी सिस्टर आली, ताट ठेवून पटकन मागं सरली. कारभारी दारातून म्हणाला, "बरी हायेस ना?" गिरिजाबाईला अंगणाचा कोपरा आठवला. घरच्यांनी लांबून टाकलेल्या भाकरीवर मी तिथं खूश होते, आणि आत हे वाढत होतं. कुणी जवळ आलं असतं तर वास तरी आला असता. विटाळाच्या नावाखाली मी मरून गेले असते, आणि चौथ्या दिवशी न्हाऊ घालायला तेवढे सगळे जमले असते. तिला रडू कोसळलं. हलायचं नव्हतं, म्हणून ती न हलता रडली. मनगटावरचा बेबीनंदाचा हात तिला पुनःपुन्हा आठवत होता.

दिवाळीच्या आधी ती हसनाबादला परतली, अर्धी होऊन, पण चालत. सगुणाबाईनं तिचं ताट वेगळं मांडलं.

"हा लागणारा रोग न्हाई," गिरिजाबाई म्हणाली. "डॉक्टरला तीनदा इचारलं. वाढ सगळ्यांत."

बेबीनंदा भेटायला आली तेव्हा गिरिजाबाईनं तिला घरात बसवलं आणि कान तुटलेला कप स्वतः घेतला. सगुणाबाईनं नंतर ती जागा सारवून काढली. गिरिजाबाईनं ते मनाला लावून घेतलं नाही.

तपासण्या होत राहिल्या, वर्ष गेलं. त्या रक्ताचा नि कॅन्सरचा संबंध मात्र गावानं अजून जोडला नव्हता. एका सकाळी ती चतुराबाईकडं विरजण मागायला गेली. चतुराबाई अंगणाच्या कोपऱ्यात गोधडीवर ऐसपैस बसून शेंगा फोडत होती. चेहरा खुशीत.

"लांब ऱ्हाय गं, शिवू नको. तुझ्यासारखं मला बी पुन्हा आलं!"

गिरिजाबाईनं विचारलं, "कितवा दिवस?"

"चौथा," चतुराबाई म्हणाली.

गिरिजाबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. ती गोधडीवर चतुराबाईला चिकटून बसली आणि तिनं तिचं मनगट घट्ट धरलं.