मामांची तुरटी

मामा बोलायला लागले की त्यांचा उजवा हात हवेत गोल फिरायचा. सावकाश, अंगठा आणि बोटं चिमटीत धरून. मला आधी वाटलं, हाताचं काही दुखणं असेल. महिनाभराने कळलं की हा माणूस मनातल्या मनात हंड्यात तुरटी फिरवतोय.

मामा आणे गावचे, पठारावरचे. तिथे उन्हाळ्यात टँकर येतो, आणि टँकरचं पाणी हंड्यात ओतलं की चहासारखं दिसतं. त्यात तुरटीचा खडा फिरवायचा, हंडा झाकून ठेवायचा आणि तासाभराने वरचं निवळ पाणी गाळून घ्यायचं. लहानपणापासून घरात हे काम मामांकडे. "दुसऱ्या कुनी फिरवली की पानी निवळायचंच न्हाई," असं ते छाती फुगवून सांगत. लोक आपल्या बैलांचं कौतुक सांगतात, मुलाच्या नोकरीचं सांगतात. मामा निवळ पाण्याचं सांगायचे.

मी तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात डायलिसिसची मशीन चालवते. मामा, म्हणजे सगळ्या दवाखान्याचेच मामा, तिथे टाक्या, पंप आणि पाणी शुद्ध करणारा आरओचा प्लँट बघायचे. तुम्ही कधी डायलिसिसच्या खोलीत कुणाच्या उशाशी बसला असाल, तर तुमचं लक्ष सुयांकडे आणि नळ्यांतल्या रक्ताकडे गेलं असेल. पाण्याकडे कुणाचंच जात नाही. एका पेशंटला एका वेळेला पिंपभर पाणी लागतं आणि ते रक्ताच्या अगदी शेजारून, एका पातळ पडद्यापलीकडून वाहत असतं. रोज सकाळी मामा काचेच्या ग्लासात ते पाणी घेऊन खिडकीशी धरायचे.

"ताई, पानी कसं, तळ दिसला पायजे."

तळ दिसायचा. मी वहीत 'पाणी ठीक' लिहायची आणि सही ठोकायची.

पेशंटांपैकी डिंभ्याच्या एका मासेमाराशी त्यांचं विशेष जमायचं. धरणात जाळी टाकणारा गडी. मिळेल त्या एसटीने यायचा, स्टँडवरून चढ चढून धापा न टाकता दारात उभा राहायचा.

"काय पावणं, आज काय घावलं?"

"कटला. चांगला हाताएवढा."

"मंग आनला का न्हाई?"

"आनून काय उपेग? तुमच्या आण्यात कालवनाला तरी पानी हाय का?"

यावर मामाच सगळ्यात मोठ्याने हसायचे.

त्या पावसाळ्यात नळाला लालभडक पाणी आलं. दुपार व्हायच्या आत प्लँटचे फिल्टर चोंदायचे, मशीन बंद पडायची आणि सुजलेल्या पायांची माणसं बाकावर ताटकळत बसायची. एकदा मासेमार अर्धवट डायलिसिसवर घरी गेला. मामांचं तोंड दिवसभर उतरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते नारळाएवढा तुरटीचा खडा घेऊन आले. "ताई, एक दोरी द्या की. फडक्यात बांदून टाकीत सोडतो."

मी खणातली बँडेजपट्टी काढून दिली.

दुपारपर्यंत फिल्टर चोंदला नाही. सगळ्यांचं डायलिसिस वेळेत झालं. "मामा, तुमचा हात लई भारी, राव!" मी म्हणाले. मामा नव्या नवरीसारखे लाजले.

आता लपवून काय उपयोग? मला माहीत होतं. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, हे मी डिप्लोमाच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. किडनी धडधाकट असली तर ती ते बाहेर टाकते. किडनी गेलेल्या माणसाच्या अंगात मात्र ते साठत जातं. रक्तात लोह वाहून नेणाऱ्या गाड्यांमध्ये लोहाच्या आधी तेच चढून बसतं. मग हाडांच्या आत तांबड्या पेशी तयार होतात त्या थोड्या आणि बारक्या. माणूस पांढरा पडतो. मला वाटलं, आरओ आहे ना, अडवेल. आरओचा पडदा झिजलाय, हेही मला माहीत होतं. नवा मागवा म्हणून मी व्यवस्थापकांना दोनदा लिहून दिलं. दोन्ही वेळा ते "बघू" म्हणाले. तिसऱ्यांदा मी लिहिलं नाही.

पावसाळा सरला, नळाचं पाणी निवळलं, तरी फडकं टाकीतच राहिलं. दिवाळीनंतर एकेकाचं हिमोग्लोबिन उतरायला लागलं. रक्तवाढीची इंजेक्शनं वाढवली. लोहाची दिली. अंगात लोह भरपूर आणि रक्त मात्र बनेना. पुण्याहून येणारे डॉक्टर पेशंटांवरच डाफरायचे, नीट जेवत नाही म्हणून. मासेमार आता चढावर दोनदा बसायचा. जाळं ओढवत नाही म्हणाला, नाव भावाला देऊन टाकली.

मामांना हे बघवेना. एक दिवस पिशवीभर बीट घेऊन आले. मी त्यांच्या अंगावर ओरडले, "मामा, अहो यांना बीट चालत नाही. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडेल!"

मामांनी पिशवी मागे घेतली. "मंग ह्या मानसांनी रगत आनायचं तरी कुठनं?"

थोडा वेळ हात गोल फिरत राहिला. मग म्हणाले, "जाऊ द्या. माज्या हातात हाय तेवडं करतो. पानी आनखी साफ ठिवतो."

आणि त्यांनी टाकीत दुसरा खडा सोडला. मी तेव्हा काय करत होते म्हणाल, तर वहीत सही करत होते.

मासेमार शिमग्याच्या आधी गेला. पाण्यामुळे गेला असं कुणी लिहिलं नाही, पाण्यामुळे गेला नाही असंही कुणी लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात एक तरुण डॉक्टरीण बदलीवर आली. तिने सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले आणि एकच प्रश्न विचारला, "पाण्यात काय टाकता?" रक्ताचे नमुने बाहेर तपासायला गेले. ॲल्युमिनियम निघालं.

दवाखान्याला एक माणूस हवा होता, तो आयता मिळाला. 'कर्मचाऱ्याने परस्पर टाकीत रसायन टाकले' असा कागद तयार झाला. माझाही जबाब घेतला. मी लिहिलं, 'मला याची कल्पना नव्हती.' एवढं एकच वाक्य. सुवाच्य अक्षरात. वर्षभर न मिळालेला आरओचा पडदा आठ दिवसांत येऊन बसला, आणि उरलेल्यांचं रक्त हळूहळू वाढायला लागलं.

मामांना कामावरून काढलं. जायच्या दिवशी ते माझ्यासमोर उभे राहिले. "ताई, कुनाकुनाचं रगत आटवलं मी?"

मी मशीनवरच्या आकड्यांकडे बघत राहिले.

उन्हाळ्यात न राहवून मी आण्याला गेले. मामा ओट्यावर बसले होते. वाळले होते. हात मांडीवर पडलेला. बोलतानाही तो हलला नाही. सुनेने मला पाण्याचा पेला आणून दिला. गढूळ पाणी, तळ दिसत नव्हता.

"काय करू, ताई? तुरटी घरात येऊ देत न्हाईत," सून म्हणाली. "लेकरांसाठी मी उकळून घेते, ह्ये तसंच पितात."

मी मामांना समजावलं. तुमची किडनी चांगली आहे, घरच्या पाण्यात चिमूटभर तुरटीने काही होत नाही, ते फक्त डायलिसिसच्या माणसाला बाधतं. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"ह्ये तुमी तवा सांगायचं व्हतं."

"मामा," मी म्हणाले, "मला माहीत होतं."

"म्हाईतीय. दोरी तुमीच दिली व्हती."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"तुमालाबी घालवलं आसतं, तर त्या मानसांना सुया कोन टोचनार व्हतं? टाकी काय, कुनीबी धुईल."

रागावून बोलले असते तर मला सोसलं असतं. मी पेला तोंडाला लावला आणि सगळा संपवला. दाताखाली माती कचकचली.