प्रेमदासची टाळी

गोरेगावच्या भजनी मंडळाची पेटी वाजवायचा शेजारच्या तांड्यातला प्रेमदास. माणूस मवाळ, पण एकदा हट्टाला पेटला की देवानंही हात टेकावेत. आई गेली तेव्हा भजनात बसूनही त्याचे डोळे कोरडेच राहिले. पुढच्या गुरुवारी ओढ्याकाठच्या दर्ग्यात हुसेनभाईंची कव्वाली ऐकताना मात्र त्याला रडू फुटलं आणि मनावरचं ओझं उतरलं. तेव्हापासून दर जुम्मेरातीला तो पेटी घेऊन तिथंही साथीला बसू लागला.

त्र्याण्णव साली सगळीकडचीच हवा बिघडली, तशी गावाचीही. मंडळाचे म्होरके व्यंकटराव. गळा गोड, पण माणूस हलक्या कानाचा. कुणीतरी कान भरले आणि त्यांनी प्रेमदासला देवळात बोलावलं. "इथं वाजव, न्हाई तर तिथं. पेटी मंडळाची हाय."

"काका, डोळे मिटले का मला कळतच न्हाई, कुठं बसलो ते," प्रेमदास म्हणाला.

व्यंकटरावांनी पेटी काढून घेतली.

बायको, शीला, वैतागली. "काहून दोनीकडं जीव जाळून राहिले? एक काय ते धरा."

"हात तर न्हाई ना घेतले त्यायनं," तो म्हणाला.

मग जुम्मेरातीला दर्ग्यात नुसती टाळी, आणि एकादशीला देवळाच्या पायरीवर बसून तीच टाळी. लोकांनी टोमणे मारून पाहिले. पठ्ठ्या वर्ष उलटलं तरी हलला नाही.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, काल्याच्या भजनात नव्या पेटीवाल्याची लय सुटली. टाळकरी गोंधळले, व्यंकटरावांचा अभंग मधेच अडखळला. पायरीवरची टाळी तेवढी ठाम होती. व्यंकटरावांनी डोळे मिटून ती धरली आणि असे गायले, की सारं देऊळ गहिवरलं. त्यांचेही गाल ओले झाले होते.

भजन संपल्यावर ते पायरीशी आले. "चल, बस पेटीवर."

"बसतो. पण जुम्मेरातीला पेटी तिकडं जाईल."

भरल्या मंडपात असं ऐकून घ्यायची व्यंकटरावांना सवय नव्हती. ते पाठ फिरवून निघून गेले. प्रेमदासही पायरीवरून उठला नाही.

जुम्मेरात आली. दर्ग्याच्या अंगणात प्रेमदास रिकाम्या हातांनी बसला होता. फाटकाशी मोटरसायकल थांबली. व्यंकटरावांनी मागं दोरीनं बांधलेली पेटी सोडली, चपला काढल्या, पेटी स्वतः उचलून आणून त्याच्यापुढं ठेवली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

कव्वाली रंगात आली, तशी प्रेमदासला मागून एक नवी टाळी ऐकू आली. बराबर लयीत होती.