गाण्याखालचा आवाज

“काय बी बोला, वर गाणंच टाकायचंय,” असं म्हणत शूटिंगवाले चाचा मोकळ्या डाव्या हाताने ‘चालू द्या’ अशी खूण करायचे. कॅमेरा उजव्या खांद्यावर, एक डोळा मिटलेला. लग्नात कॅमेरा समोर आला की आपल्याकडची माणसं कवायतीला उभी राहिल्यासारखी ताठ होतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. हे एक वाक्य ऐकलं की ती सैल व्हायची. मावश्या एकमेकींच्या साड्यांवर बोलायच्या, एखादा मामा बुंदीला नावं ठेवायचा, आणि ते निवांत टिपत राहायचे.

सगळं जुन्नर त्यांना चाचाच म्हणायचं. व्हिडिओ कॅसेटच्या काळापासून निमगाव सावा ते लोणी अशी दोन तालुक्यांतली लग्नं त्यांनी स्कूटरवर फिरून टिपली. घरी आल्यावर मूळ कॅसेटवरचं दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचं, वर सिनेमातली गाणी चढवायची आणि मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला घ्यायची, ही त्यांची पद्धत. माणसांचा आवाज ते पार बंद करत नसत. गाण्याखाली बारीक ठेवत.

स्वतःच्या कामाबद्दल मात्र ते फार कडक. पडद्यावर नवरा-नवरीच्या छातीवरून त्यांचं नाव सतत सरकत असायचं, कुणी कॉपी करू नये म्हणून. एकदा दुसऱ्या एका शूटिंगवाल्याने त्यांनी टिपलेल्या वरातीचा तुकडा आपल्या कॅसेटमध्ये घातला, तर चाचा त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. मी विचारलं, “चाचा, आणि तुम्ही गाणी कुणाला विचारून घेता?” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “गाणं रेडिओवर लागलं म्हंजी सगळ्यांचं झालं, राव. शूटिंग मी उन्हात उभं ऱ्हाऊन केलंय.”

मी कायद्याच्या बाजूचा. माझं दुकान एसटी स्टँडजवळ, ऑनलाइन फॉर्म भरायचं. त्याआधी मीही लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो. एक दिवस धाड पडली, कॉम्प्युटर उचलून नेला आणि पुढे किती दिवस मी तारखांना हेलपाटे घातले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो; मी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो. त्यामुळे आमचा वाद रोजचा. ज्याची वस्तू त्याची परवानगी हवी, असं मी म्हणायचो. लोकांच्या तोंडात बसलेल्या गाण्याला कुलूप कसं लावणार, असं ते म्हणायचे. आम्ही दोघंही हटत नव्हतो, आणि दोघांनाही त्यात मजा येत होती.

पुढे चाचांनी प्रत्येक लग्नाची एकेक प्रत स्वतःजवळ ठेवली होती, त्या कॅसेटींना बुरशी धरायला लागली. व्हीसीआरचे पार्ट मिळेनात. तेव्हा चाचांनी एकेक लग्न माझ्या कॉम्प्युटरवर उतरवलं आणि नेटवर चढवलं. गावोगावच्या लोकांना आपले गेलेले आजी-आजोबा मोबाइलवर चालताना दिसायला लागले. चाचा खूश होते. “आता नेटवर गेलं, आता मरत न्हाई,” असं प्रत्येक वेळी म्हणायचे. मग जुन्या सवयीप्रमाणे कॉम्प्युटरमधलं पुसून टाकायचे, पुढच्याला जागा हवी म्हणून. कॅसेटी भंगारात गेल्या. मी समोर बसून हे बघत होतो आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

अशात डिंगोऱ्याची एक बाई दुकानात आली. वय माझ्याएवढंच. तिच्या लग्नाचा व्हिडिओ चाचांनी चढवला होता. तिने तो कानात इअरफोन घालून पाहिला होता, आणि पाठवणीच्या गाण्याखाली तिला तिच्या वडिलांचा आवाज ऐकू आला होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने इअरफोनचं एक टोक मला दिलं, एक चाचांना.

पडद्यावर टोपी घातलेला एक माणूस कॅमेऱ्याकडे बघत होता. खाली बारीक आवाजात तो म्हणत होता, “पोरी, मास्तर म्हनत व्हते, हिला कालेजात घाला. मी ऐकलं न्हाई. माझं चुकलं.”

दहावीला तिला तालुक्यात नाव निघेल असे मार्क होते. वडिलांनी शाळा थांबवली आणि लग्न लावून दिलं. तो सल तिने बापाजवळ कधी बोलून दाखवला नव्हता. बापही बोलला नव्हता, असंच ती इतकी वर्षं समजत होती.

चाचा खाली बघत होते. म्हणाले, “मला ठावं व्हतं, बेटा. मिक्सिंगला बसलो तवाच ऐकलं व्हतं. म्हणून तिथं गाणं जरा बारीक ठेवलं. पण तुमच्या घरातली गोष्ट. मी कोण सांगनार?”

वरचं गाणं काढून नुसता आवाज देता येईल का, असं तिने विचारलं. पुण्यात असं करून देणारा माणूस असतो, त्याच्याकडून करून आणतो, असा शब्द चाचांनी दिला. तोवर व्हिडिओ मोबाइलमध्ये उतरवून द्या, असं ती मला म्हणाली.

मी नाही म्हणालो. त्यातलं गाणं दुसऱ्याचं आहे, असं उतरवून देणं नियमात बसत नाही, नेटवर आहेच की, केव्हाही ऐका, असं मी तिला शहाणपणाने सांगितलं. चाचा चहा पीत राहिले. ती ‘बरं’ म्हणाली आणि एसटीला गेली.

तीन आठवड्यांनी त्या व्हिडिओचा आवाज बंद झाला. गाण्याच्या मालक कंपनीने हक्क सांगितला होता आणि साइटने सगळा आवाजच काढून टाकला होता. चित्र तेवढं चालू होतं. तक्रारीला उत्तर द्यायची एक जागा होती. चाचांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: “गाणं तुमचं, मान्य. आम्ही न विचारता घेतलं, हेही मान्य. पण त्याखालचा आवाज आमच्या माणसाचा आहे. तुमचं तुम्ही न्या, आमचं आम्हाला द्या.”

दोन ओळींचं उत्तर आलं. हक्क योग्य आहे, निर्णय बदलणार नाही.

मला वाटलं, आता चाचा त्या कंपनीच्या सात पिढ्या काढतील. ते शांतपणे म्हणाले, “ज्यानं गाणं बांधलं त्याच्याबी घरी चूल हाय, भाऊ. चोरी मीच केली.” मला मात्र ते काहीच म्हणाले नाहीत. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शूटिंगची एक कॅसेट मुलीकडे आणि एक मुलाकडे द्यायची पद्धत होती. मुलीकडची कधीच खराब झाली होती. दुसरीच्या शोधात चाचा तिच्या सासरच्या एका चुलत घरी, लोणीला गेले. माळ्यावर कॅसेट मिळाली, पण फीत बुरशीने चिकटली होती. सोडवता सोडवता ती त्यांच्या हातात तुटली. हे सांगायला त्यांनी त्या बाईला दुकानात बोलावलं.

तिने ऐकून घेतलं. मग मोबाइलवर तो मुका व्हिडिओ लावला. वडिलांचे ओठ हलायला लागले तशी तीही त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागली. तिला एकेक शब्द पाठ होता. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, तेही. माझ्याने तिच्याकडे बघवेना.

चाचांनी मला पंखा बंद करायला लावला, शटर अर्धं ओढायला लावलं. माइक तिच्या समोर ठेवला आणि म्हणाले, “जसं ते बोलले तसंच बोल, बेटा. घाई न्हाई.”

पहिल्या वेळी ती ‘माझं चुकलं’पाशी थांबली. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी तिने सगळं म्हटलं.

पुढच्या दोन दुपारी चाचा माझ्या खुर्चीत बसून तो आवाज ओठांशी जुळवत होते. शब्द जरा पुढे गेला तरी त्यांना चालत नव्हतं. त्यांच्या आयुष्यातलं गाण्याविना केलेलं ते पहिलं काम. मीच ते नेटवर चढवलं, आणि या वेळी कुणी न सांगता तिच्या मोबाइलमध्येही उतरवून दिलं.

चाचा गेल्या थंडीत गेले. दोन दिवस ताप आला, तेवढंच निमित्त. कब्रस्तानात मूठभर माती द्यायला गेलो तेव्हा आमचा वाद अर्धवट राहिल्यासारखं वाटलं, आणि त्यात मी हरलो होतो हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. आता दुकानात चहा येतो तो मी एकटाच पितो. फॉर्म भरायला गर्दी असते, पण वाद घालायला कुणी नाही.

कधी दुपारी काम नसलं की तो व्हिडिओ उघडतो. टोपीवाला बाप समोर बघतो आणि लेकीच्याच आवाजात लेकीची माफी मागतो. त्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.